दहाव्या दगडाचं माप

ता. ६ फेब्रुवारी

चि. बारक्यास अ. उ. आ.

परवा तुझा फोन आला होता. म्हणजे घंटी वाजली, मी उचलला, पलीकडून कुणीतरी पोटतिडकीने बोलत होतं आणि मला त्यातलं काही म्हणता काही कळलं नाही. तूच असणार असं धरून मी तुझ्या गुडघ्याची चौकशी केली आणि ठेवून दिला. या कानांना आता फोन झेपत नाही, तेव्हा पुन्हा कागदच बरा. मोतीबिंदूमुळे ओळी चढावर चालल्यात, तेवढं सांभाळून घे.

बातमी वाईट आहे. बेकरीवाल्यांचा मुलगा गेला, सरहद्दीवर, गेल्या महिन्यात. तू त्याला पाहिलेलं नसणार, तू गाव सोडल्यावर कितीतरी वर्षांनी जन्मला तो. सायकलवरून पाव पोचवायला यायचा. मला बेल ऐकू येत नाही हे ठाऊक असल्यामुळे सरळ खिडकीशी येऊन हात हलवायचा. त्याच्या आईवडिलांनी चार दिवसांत बेकरी उघडली तेव्हा लोकांनी भुवया उंचावल्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. घरात बसून त्यांनी करायचं तरी काय?

तर समितीने ठरवलंय, की चौकातल्या स्मारकाच्या नऊ दगडांशेजारी आता दहावा उभा करायचा. हे सांगायला अध्यक्ष स्वतः घरी आले. आपल्या कुंपणावरून पेरू चोरताना पडून हात मोडून घेतला होता तोच हा, आता पोट सुटलंय आणि चष्मा सोनेरी आहे. त्याच्या डोक्यात कारंजं, रंगीत दिवे आणि मधोमध काचेची पेटी असं बरंच काही होतं. मी म्हटलं, मग पेटीत मासेही सोडा. तेव्हा कुठे जमिनीवर आला. शेवटी म्हणाला, की ज्यांनी स्मारक घडवलं त्यांचा मुलगा उभा जन्म दगडकामाचे नकाशे काढत बसलाय, तर त्यालाच विचारू या. म्हणून विचारते. काढून देशील का? दगडही तुलाच शोधावा लागेल. आपली खाण केव्हाच बंद पडली, तिच्यात आता पाणी आणि बेडूक.

बाकी स्मारक तू सोडून गेलास तसंच आहे. आपल्या दादाच्या दगडावर हल्ली स्कूटरवाले हेल्मेट ठेवून पान खायला जातात, मी दिसले की उचलतात. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये करायचं असं चिंगीने परस्पर ठरवून टाकलंय. आईला विचारायची पद्धत तिच्या घरात नाही.

वहिनीला आशीर्वाद, तिचं गुडघ्याचं तेल मला लागू पडलं नाही हेही सांग. लोभ आहेच, तो आटू नये म्हणून लगेच उत्तर धाड.

तुझी
अक्का

—

ता. १९ फेब्रुवारी

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

तो फोन माझा नव्हता. माझे गुडघे उत्तम आहेत, दुखतात ते तुझ्या वहिनीचे. कुणा अनोळखी माणसाला तू गुडघ्याबद्दल विचारलंस ते कळलं तर बरं, बहुधा वीजमंडळाचा असावा. आता बिल वेळेवर भर.

बेकरीवाल्यांचं वाचून वाईट वाटलं. नकाशा काढून देतो. काम सोपं आहे. आपल्या दगडाशी रंग आणि कण जुळणारा दगड इथून फार लांब नाही अशा एका खाणीत मिळतो, मी जाऊन पाहून आलो. पायाचं खोदकाम गावातला गवंडी करील. फक्त दहावा दगड बाकीच्यांत विजोड दिसू नये म्हणून जुन्या नऊंची मापं नीट हवी होती. तू मागे फोटो पाठवले होतेस त्यांवरून काढली. आणि पडताळा म्हणून नऊही जणांची भरतीच्या वेळची उंची सैन्याच्या कचेरीतून मागवली. कचेरीने चक्क पाठवली.

आता ऐक. नऊपैकी एकही दगड माणसाच्या उंचीचा नाही. प्रत्येक दगड ज्याच्या त्याच्या उंचीचा, हे लहानपणापासून ऐकत आलो, ते साफ खोटं आहे. शिंप्याचा मुलगा कागदावर जेमतेम सव्वापाच फूट आणि त्याचा दगड जवळजवळ सहा. गिरणीवाल्यांचा चार बोटं जास्त. कुणी दोन बोटं कमी. हे एक वेळ सोडून देऊ, तेव्हा हातानेच काम चालायचं. पण दादा? दादाची उंची कागदावर सहा फूट आणि वर बोटभर. त्याचा दगड पाच फूटसुद्धा भरत नाही. गावातला सगळ्यात उंच माणूस आणि स्मारकातला सगळ्यात बुटका दगड!

मला याचं कारण माहीत आहे, तुलाही असणार. अप्पांनी आधी गावाचे दगड केले, मग उरलंसुरलं दादाच्या वाट्याला आलं. घरच्याला मागे ठेवलं की गावात वाहवा होते. अप्पा आयुष्यभर तसेच वागले. माझ्या शाळेच्या वेळीही गावातल्या चार घरांचे उंबरे आधी झाले आणि माझी पाटी नंतर आली.

तेव्हा माझी एक अट आहे. दहावा दगड लावताना दादाचाही दुरुस्त करून घेणार. वरून त्याच जातीच्या दगडाचा जोड बसवायचा, आतून पोलादी खीळ, सांधा इतका बारीक की तुझ्या मोतीबिंदूला काय, धडक्या डोळ्यालाही दिसणार नाही. अध्यक्षांना मी वेगळं कळवलंय. त्यांचा होकार लगोलग आला.

ऑपरेशनची तारीख कळव. लोभ असू द्यावा, नसला तर निदान राग तरी कळवावा.

तुझा
बारक्या

—

ता. २७ फेब्रुवारी

चि. बारक्यास अ. उ. आ.

राग कळवते. साठी उलटून गेली तरी अप्पांवर फुरंगटून बसला आहेस. पाटी मिळाली होती ना? मग झालं तर.

तू तेव्हा सात वर्षांचा, तुला डांग्या खोकला झाला म्हणून मामाकडे धाडलेला. परत आलास तेव्हा दगड उभे होते. मधलं सगळं तू लोकांच्या तोंडून ऐकलंस, आणि लोक मीठमसाला लावतात. तेव्हा एकदा माझ्याकडून सरळ ऐक.

लढाई संपल्यावर स्मारक करायचं यावर सगळ्यांचं एकमत झालं. ते तेवढ्यावरच टिकलं. दगडावर नावं कोरायची तर पहिलं कुणाचं, इथे घोडं अडलं. मास्तर म्हणाले, वर्णमालेप्रमाणे. गिरणीवाले म्हणाले, जो आधी गेला तो आधी, कारण त्यांचा आधी गेला होता. तेव्हाच्या अध्यक्षांचा पुतण्या हुद्द्याने मोठा, तर ते म्हणाले हुद्द्याप्रमाणे. असा काथ्याकूट सहा महिने चालला. दोन घरांचं येणंजाणं बंद झालं. एकजण तर म्हणाला, की माझ्या पोराचं नाव तळाशी घातलंत तर छिन्नी घेऊन येतो आणि सगळीच खरवडतो.

मग कुणीतरी शहरातल्या दुकानाचं छापील पुस्तक आणलं. त्यात तयार पुतळे होते, बंदूकधारी शिपाई, झुपकेदार मिशा. आपल्या नवांतल्या निम्म्यांना मिसरूडसुद्धा नीट फुटलं नव्हतं. ते चित्र सभेत फिरत फिरत शिंपीणकाकूंपाशी आलं. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, की हा कुणाचा मुलगा? मास्तर म्हणाले, की कुणाचाच नाही, नमुना आहे. त्या म्हणाल्या, की आपल्यातल्या कुणाचाच नाही तर याला चौकात कशाला उभा करता? पुतळा तिथेच बारगळला.

अप्पा मागे बसून नखांतली दगडाची पूड काढत होते. ते म्हणाले, की नावंच नकोत. प्रत्येकाचा एकेक दगड, तो होता तेवढा उंच. अर्धवर्तुळात उभे करायचे, ज्याचं घर ज्या दिशेला तिकडे त्याचा दगड, म्हणजे पहिला कोण आणि शेवटचा कोण हा प्रश्नच मिटला. ज्याचा त्याला ओळखता येईल, बाकीच्यांना गरज काय? त्यावर भांडायला कुणाला जागाच सापडली नाही.

उंचीचं कसं करायचं, तर मास्तर म्हणाले, कचेरीला लिहू. अप्पा म्हणाले, की कचेरीतला नको, घरातला पाहिजे. जिने वाढवला ती दाखवील ते माप. एक लांब काठी आणि कोळसा घेऊन ते घरोघर गेले. मी बरोबर होते, चौदा वर्षांची, काठी धरायला. आई उभी राहायची, हात वर करायची, अप्पा तिच्या हाताशी काठी लावून रेघ ओढायचे. कुणी भिंतीपाशी दाखवलं, कुणी दारात. शिंपीणकाकूंनी टाचा उंचावून हात पार वर नेला. शिंपीकाका तिथेच कपडा बेतत बसले होते. त्या पोराची पँट त्यांनीच शिवलेली, त्यांना त्याची उंची सुतासुताने ठाऊक. ते मान वर न करता कापत राहिले. अप्पांनी काकूंनी दाखवलं तिथे रेघ ओढली आणि त्यांचा निरोप घेऊन आम्ही पुढच्या घरी गेलो.

तेव्हा तुझा कचेरीचा कागद तुझ्यापाशी ठेव. दहावा दगड आण, दादाच्याला हात लावू नकोस. का म्हणून विचारू नकोस, मी सांगते म्हणून.

ऑपरेशन १४ मार्चला. त्याआधी चार दिवस चिंगी मला घेऊन जाईल. माया राहू दे, हेका तेवढा सोड.

तुझी
अक्का

—

ता. ५ मार्च

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. हकिगत मजेची आहे आणि बरीचशी मला नवी. पण त्यात गावाची घरं आली, आपलं नववं घर आलं नाही, हे माझ्या लक्षात आलंय. 'मी सांगते म्हणून' हे कारण नकाशावर लिहिता येत नाही. जोड कापून तयार आहे. रंग इतका जुळलाय की इथल्या कारागिराला माझ्याकडचा आपल्या खाणीचा जुना तुकडा दाखवला तर तो म्हणाला, की एकाच खाणीतले असणार.

तू म्हणशील, एवढं काय त्यात. तर एकदाच सांगतो, पुन्हा विचारू नकोस. मला दादाचा चेहरा आठवत नाही. फोटोतला आठवतो, पण तो फोटोच. आवाज तर मुळीच नाही. मला फक्त त्याची उंची आठवते. त्याने मला खांद्यावर बसवलं होतं आणि किराणा दुकानाच्या पाटीला माझा हात लागला होता. खाली सगळ्यांची डोकी. एवढीच माझी इस्टेट. बाकी सगळं तुझ्याकडे आहे, चौदा वर्षांचं. आणि पंधराव्या वर्षी मी त्या दगडाशेजारी उभा राहिलो तर माझं डोकं वर आलं. मला इतकी लाज वाटली, जणू मीच त्याचं काहीतरी काढून घेतलं. बरोबरची पोरं हसली, की हा म्हणे सहा फुटी. मी सांगत राहिलो आणि ती दगडाकडे पाहत राहिली. इथे शहरातही बायकोला, मुलांना सांगितलं. गावी आणल्यावर त्यांनी दगड पाहिला आणि परतीची गाडी किती वाजता ते विचारलं. ते जास्त लागलं.

दगड खोटं बोलतोय, अक्का, आणि मी तो खरा करू शकतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या इमारतींची मापं जुळवली, एक घरचं जुळवू दे.

मी १८ तारखेच्या सुमारास गावी येईन, दोन्ही दगड टेम्पोतून येतील. तू चिंगीकडे असशील. ते एका परीने बरंच आहे, समोर असतीस तर मला जमलं नसतं. किल्ली कुणाकडे ठेवतेस ते लिही. डॉक्टर सांगतील ते ऐक, त्यांनाही गुडघ्याबद्दल विचारू नकोस.

लोभ थोडा बाजूला काढून ठेव, परत आल्यावर लागेल.

तुझा
बारक्या

—

ता. ९ मार्च

चि. बारक्यास अ. उ. आ.

किल्ली शेजारच्या पोस्टमनकाकांच्या घरी. पाण्याची मोटर सुरू करण्याआधी नळ उघडा आहे का बघ.

नववं घर सांगते. सांगायचं नाही असं काही नव्हतं रे. तू कधी विचारलंस नाहीस, आणि आपणहून सांगावं असा प्रसंग आला नाही. अप्पांवर तुझा राग आहे हे दिसायचं, पण तो पाटीचा असेल असं वाटायचं. खांद्यावरचं मला माहीत नव्हतं. 

आठ घरं झाल्यावर आम्ही घरी आलो. आई मागच्या दारात कपडे पिळत होती. अप्पांनी काठी उभी धरली आणि बाकीच्या बायकांना विचारलं तसंच तिला विचारलं, की तो केवढा होता? स्वतःच्या बायकोला, स्वतःच्या मुलाबद्दल. आईने हात पुसले. आपली आई केवढी होती ते तुला आठवतच असेल, चौदाव्या वर्षी मी तिच्यापेक्षा उंच होते. तिने हात उचलला, टाचा न उचलता. तळवा खाली, बोटं जराशी वळलेली. तिच्या कपाळाच्या थोडा वर हात थांबला आणि तिथेच राहिला.

मी बोलून गेले, की आई, दादा एवढासा नव्हता. अप्पांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की पुढचं तोंडातच राहिलं. आईला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तिचं लक्ष हाताखाली होतं. अप्पांनी काठी सरकवत तिच्या हाताशी आणली आणि रेघ ओढली. रेघ वाकडी आली. दगडावर त्यांची रेघ कधी वाकडी गेली नव्हती.

तू म्हणतोस उरलंसुरलं. खाणीतला सगळ्यात चांगला, लांबच लांब, एकही शीर नसलेला दगड अप्पांनी दादासाठी आधीच बाजूला काढला होता. सहा फुटाच्या वरचा. आईने दाखवल्यावर त्यांनी तो कापला. मी अंगणात उभी राहून पाहिलंय. मी त्यांना म्हटलं, की तुम्हाला माहीत आहे ना तो केवढा होता, मग? ते म्हणाले, की शिंपिणीला एक सांगून आलो, घरी येऊन दुसरं करू का? आणि थोड्या वेळाने म्हणाले, की तिच्या हाताला तो तेवढाच लागायचा.

ते मला तेव्हा कळलं नाही. पुढे चिंगी वाढल्यावर कळलं. आईसमोर दादा ताठ कधी उभाच राहिला नाही रे. घरात शिरायचा तो मान खाली घालून, चौकट लागू नये म्हणून. तिच्यापुढे यायचा तो डोकं तिच्या हाताखाली देऊन, केस पुसून घ्यायला, बोलणी खायला. गावाने त्याला सहा फुटी पाहिलं, तू वर बसून पाहिलंस. आईने कुठे पाहिलं?

मी आता अडवत नाही. तुझी आठवणही खोटी नाही, आणि तुझ्याकडे तेवढीच आहे. मला फक्त भीती वाटते. आईचं असं दुसरं काहीच उरलेलं नाही, आणि तू सांधा इतका बारीक करणार, की ते कुठवर होतं हेदेखील कुणाला दिसणार नाही. तू तिथे असशील, मी नसेन. तुला योग्य वाटेल ते कर आणि मला नुसतं कळव.

फार लिहिलं, डोळ्यातून पाणी येतंय. मोतीबिंदूचं आहे. माया आहे, होती, दगडाचं काहीही झालं तरी राहणार.

तुझी
अक्का

—

ता. १९ मार्च

ती. अक्कास शि. सा. न.

काल पोचलो. किल्ली मिळाली. मोटरआधी नळ उघडा आहे का पाहायला विसरलो, त्यामुळे मोरी आणि निम्मं स्वयंपाकघर धुऊन निघालं. डाळींचे डबे वरच्या फळीवर हलवले आहेत. पोस्टमनकाकूंनी दोन्ही वेळा जेवायला बोलावलंय. टेम्पो आला, दगड सुखरूप आहेत. ऑपरेशन कसं झालं? चिंगीला दोन ओळी लिहायला सांग. सविस्तर मागाहून.

बारक्या

—

ता. २३ मार्च

ती. मामास सा. न. वि. वि.

ऑपरेशन छान झालं. आईच्या डोळ्यावर पट्टी आहे म्हणून ती सांगते आणि मी लिहिते आहे. ती म्हणते, की स्वयंपाकघर धुतल्याबद्दल आभारी आहे, ते धुवायचंच होतं. आणि म्हणते, की तुझ्या पत्रात मोटर आहे, डाळी आहेत, पोस्टमनकाकू आहेत, एवढंच आहे. मी विचारलं, की अजून काय असायला हवं होतं, तर म्हणाली, तू लिही, त्याला कळेल.

मामा, काय ते लवकर कळव रे. ती डॉक्टरांशी भांडते आहे आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते आहे, म्हणजे मनात दुसरंच काहीतरी आहे.

तुझी
चिंगी
(आईचे आशीर्वाद)

—

ता. ३० मार्च

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

दहावा दगड काल उभा राहिला. आधी त्याचंच लिहितो, कारण आधी तेच झालं.

तुझं पत्र मी शहरातून निघायच्या आधी वाचलं होतं. वाचून काही ठरवलं नव्हतं. जोड टेम्पोत घातला. दहाव्या दगडाची लांबी मी मुद्दाम जास्त ठेवून आणली होती, इथे कापून घेऊ म्हणून, आणि बेकरीच्या मुलाची कचेरीतली उंची माझ्या खिशात होती. अध्यक्ष म्हणाले, की मग कापा. गवंडी आरी लावून उभा राहिला. मी म्हटलं, थांबा, आधी त्यांच्या घरी जाऊन येतो. पोस्टमनकाकांकडून एक लांब काठी घेतली. साठीच्या पुढचा माणूस खांद्यावर काठी टाकून गावातून निघालाय हे लोक दुकानाबाहेर येऊन पाहत होते.

ते दोघं बेकरीतच होते. तो भट्टीपाशी, ती लांब टेबलावर कणीक मळत. मी कोण, कुणाचा, ते सांगितलं. काठी कशासाठी हेही सांगितलं. मला वाटलं होतं की ती रडेल, आणि मग आपण काय करायचं याची मी वाटेत तयारी केली होती. ती रडली नाही. मळायची थांबली आणि विचार करू लागली, नीट, एखादं प्रमाण आठवावं तशी. तेवढ्यात तो म्हणाला, की मुलगा आपल्याहून वीतभर उंच होता, शटरखालून वाकून यायचा. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टेबलाच्या या बाजूला आली आणि हात वर धरला. भिंतीपाशी नाही, दारापाशी नाही, खोलीच्या मधोमध, हवेत. काठी घेऊन मलाच तिथे जावं लागलं. हात मुळीच हलला नाही. पेन्सिल काढायला मला वेळ लागला, पण तिच्या बोटांचं पीठच काठीला लागलं, तीच खूण झाली.

कागदातल्या उंचीपेक्षा ती चांगली चार बोटं खाली होती, हे मला नुसत्या नजरेने कळलं. चाळीस वर्षं दुसरं काय केलंय मी? ती पुन्हा टेबलामागे गेली. मी कागद खिशातून काढला नाही. अप्पांची रेघ वाकडी का आली असेल ते मला त्या वेळी कळलं, अक्का. परक्याच्या पोराचं माप घेताना मला खिशातली पेन्सिल सापडत नव्हती.

गवंड्याला पिठाच्या खुणेवर कापायला सांगितलं. आणलेला जोड त्यालाच दिला. पायाखाली भरावाला कठीण दगड हवाच होता, त्याने फोडून दहाव्याच्या पायात घातला. अध्यक्षांचा चेहरा बघण्यासारखा झाला, पण हल्ली त्यांना माझी थोडी भीती वाटते.

दगड उभा राहत असताना ती आली नाही, पाव भट्टीत होते. तो आला होता. एका बाजूला उभा राहून पाहत होता. सगळे गेल्यावर माझ्यापाशी आला आणि म्हणाला, की दगड कमी पडला, मुलगा यापेक्षा उंच होता, येणारेजाणारे त्याला बुटका समजतील. आवाज चढला नव्हता, पण ओठ आवळलेले होते.  तो बोलत होता ते शब्दन् शब्द माझेच होते. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि टोकाच्या त्या सगळ्यात ठेंगण्या दगडाकडे बोट करून विचारलं, की तो कुणाचा? मी म्हटलं, माझ्या भावाचा. त्याने दगड वरपासून खालपर्यंत न्याहाळला आणि मग विचारलं, की तुमचा भाऊ खरंच एवढाच होता का?

मी म्हटलं, हो, एवढाच होता.

तो वळून बेकरीकडे गेला.

मी अजून आठवडाभर इथे आहे. तू पट्टी सुटली की ये, मग मी जाईन, किंवा राहीनही. चिंगीच्या स्वयंपाकाला नावं ठेवू नकोस. तुझ्या मायेतला माझा वाटा तसाच असू दे.

तुझा
बारक्या